पाठ केलेला तक्ता आणि आमच्या साळवे मॅडम

डॉ. कमल साळवे यांचा आणि माझा परिचय ओतूरच्या बाजारात, कांद्याच्या गोण्यांमध्ये झाला. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात याहून सुगंधी करता आली असती. पण मॅडमना खोटं चालत नाही, आणि हा ग्रंथ त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासणार याबद्दल मला शंका नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता होतो. सरकारने एवढं भारदस्त नाव दिलं असलं तरी सगळा जुन्नर तालुका मला कंपाउंडरच म्हणायचा, आणि निवृत्तीनंतरही म्हणतो. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून भावाचा कांदा घेऊन मी एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेलो होतो. बघतो तर त्याच्या काट्यावर निळ्या साडीतल्या एक अनोळखी बाई उभ्या, आणि त्या काही केल्या खाली उतरेनात.

"उतरा की बाई, माल खोळंबलाय," व्यापारी काकुळतीने म्हणत होता.

"हा काटा आरोग्य केंद्राचा आहे. मागे रंगाने लिहिलंय, वाचा. शाळेतल्या मुलांची वजनं करायला सरकारने दिलाय," बाई म्हणाल्या.

"अवो, हितं व्हता म्हणून तरी धड राह्यला. तुमच्या दवाखान्यात गंजून गेला असता."

"ते खरं असेल. मग असं करू, काटा इथेच राहू दे. उद्यापासून मुलांनाच इथे घेऊन येते."

या आमच्याच केंद्राच्या नव्या वैद्यकीय अधिकारी, हे मला तिथे कळलं. कांद्याचं पोतं मी हळूच पायाने मागे सरकवलं. दुसऱ्या दिवशी खरोखरच जवळच्या एका शाळेची पोरं दोन-दोनच्या रांगेत बाजारात आली आणि गोण्यांच्या मधोमध त्यांची वजनं सुरू झाली. बाजार थांबला, गिऱ्हाईक हसायला लागलं. दुपारच्या आत व्यापाऱ्याने काटा स्वतःच्या टेम्पोत घालून केंद्रात पोचवला, वर कांद्याचं एक पोतं भेट म्हणून. मॅडमनी पोतं परत पाठवलं. मला थोडं वाईट वाटलं.

मॅडम मूळच्या आंबेगाव तालुक्यातल्या. त्यांच्या वडिलांच्या पिढीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पोरांच्या हाती पाटी दिली. वडील टपाल खात्यात पोस्टमन होते. मॅडम त्यांची एक गोष्ट नेहमी सांगत. वडील म्हणायचे, सरकारने पाठवलेलं आपल्यापर्यंत पोचलं नाही, तर ते वाटेत कुठे राहिलं हे विचारायला लाजायचं नाही, मग ती मनिऑर्डर असो की आणखी काही. लेकीने हा उपदेश इतका मनावर घेतला की जिल्ह्याच्या कचेरीत त्यांची चाहूल लागली की शिपाई आधी साहेबांना कळवायचे आणि मग पाणी आणायला जायचे.

त्या काळी शाळांमधली आरोग्य तपासणी कशी चालायची ते नव्या वाचकांसाठी सांगतो. वर्षातून एकदा आमची जीप शाळेत जायची. पोरांचं वजन, दात, डोळे, कातडी बघायची, जंताच्या गोळ्या द्यायच्या, मग गुरुजींच्या घरून आलेले पोहे खायचे आणि पुढच्या शाळेला निघायचं. पोह्यांच्या बाबतीत पथकाचा अनुभव उत्तम होता. अडचण एवढीच, की सरकारी पैसा होता तो जीपच्या डिझेलला आणि गोळ्यांना. एखाद्या पोराला दिसत नसलं तर त्याच्या कार्डावर 'चष्म्याची गरज' असं लिहायचं आणि झालं. पुढच्या वर्षी तेच पोर, तेच कार्ड, तेच वाक्य.

मॅडमना हे सहन होईना. एकदा जीपमध्ये त्या म्हणाल्या, "डुंबरेभाऊ, हे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि त्याला भूक लागलीय एवढंच लिहून घेऊन निरोप द्यायचा." मी म्हणालो, आपल्या हातात काय आहे? ही असली वाक्यं मॅडमसमोर बोलू नयेत हे मी तोवर शिकायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात तालुक्याची बैठक होती. मॅडमनी पाच मिनिटं मागून घेतली आणि भाषण न करता भिंतीवर डोळ्यांचा तक्ता टांगला. हा तक्ता वाचता न येणाऱ्यांसाठी असतो. त्यावर काट्या-चमच्यातल्या तीन दात्यांच्या काट्यासारखी एकच खूण असते, वरच्या ओळीत मोठी आणि खाली लहान लहान होत गेलेली. दाते वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, तेवढं हाताने दाखवायचं. मॅडमनी सभापतींनाच पहिला मान दिला. सभापती दुसऱ्या ओळीवर अडकले. त्यांनी शेजारच्या सदस्यांचा चष्मा मागितला, तर शेजाऱ्यांना काही दिसेना. मग सगळी सभाच उठून तक्त्यासमोर रांगेत उभी राहिली. त्या दिवशी पाणीटंचाईचा विषय मागे पडला.

"तुम्ही सगळे आपापले चष्मे करून घ्याल," मॅडम म्हणाल्या. "चौथीतल्या पोराने कुठे जायचं?"

चष्म्यांसाठी तरतूद करावी असा ठराव झाला, जिल्ह्यानेही तो उचलून धरला, आणि शाळेतल्या मुलांच्या चष्म्यांना पहिल्यांदाच सरकारी पैसा मंजूर झाला. एक अट होती, मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे. नाही पडला तर परत जाणार, आणि पुढल्या वर्षी कोणी विचारणार नाही.

इथपर्यंत सगळं झकास होतं. पण सभापतींना आनंद आवरेना. मंजुरी जाहीर झाली त्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "ज्या शाळेतल्या पोरांचे डोळे सगळ्यात चांगले निघतील, त्या शाळेचा आपून शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू!" टाळ्या पडल्या. मॅडमनीही वाजवल्या. त्या टाळ्या त्यांना फार महागात पडल्या.

मुलांची पहिली चाळणी गुरुजींनी करावी म्हणून मॅडमनी शाळाशाळांत तक्ते आधीच पोचवले होते. काही आठवड्यांनी अहवाल आले. आमच्या साऱ्या हद्दीत चष्म्याची गरज असलेलं मूल जवळपास नव्हतंच. त्या वर्षी मॅडमकडे आंबेगावातल्या पेठच्या बाजूचाही जादा कार्यभार होता, तिकडेही तोच चमत्कार. मी म्हणालो, आपल्याकडची हवाच चांगली. जिल्ह्यातल्या हिशेबाच्या साहेबांनाही तसंच वाटलं. गरज नसेल तर तरतूद परत घेतो, असा त्यांचा निरोप आला. मॅडमनी जेवणाचा डबा तसाच बंद केला आणि म्हणाल्या, "जीप काढायला सांगा."

आम्ही डिंगोऱ्याच्या पुढच्या एका वाडीवरच्या शाळेत गेलो. तिथले वाळुंज गुरुजी म्हणजे अत्यंत सरळ आणि कष्टाळू माणूस. कुठलाही निकाल शंभर टक्क्यांच्या खाली आला तर त्यांना ताप यायचा. त्यांनी स्वागताची जय्यत तयारी केली होती. चौथीतली मनीषा नावाची चुणचुणीत मुलगी झेंडूचा गुच्छ घेऊन पुढे आली, थेट माझ्यासमोर उभी राहिली, आणि माझ्या मिशीकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आमच्या शाळेत आपलं स्वागत असो!"

पोरं खिदळली, गुरुजी ओशाळले. मी गुच्छ घेतला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मनीषाला तक्त्यापासून लांब उभं केलं. पोरीने हात वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असे सपासप फिरवले, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. एकही चूक नाही.

मॅडमनी तक्ता काढला आणि उलटा टांगला. आता मोठी खूण तळाला आणि बारीक ओळ वर. "आता दाखव बरं."

मनीषाने तसेच हात फिरवले. तोच क्रम, तोच वेग. मॅडमनी तिच्या मागच्या पोराला बोलावलं. त्याचे डोळे ठणठणीत होते, तक्ता उलटा आहे हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याने एकदा तक्त्याकडे बघितलं, एकदा गुरुजींकडे बघितलं आणि जुनाच क्रम म्हणून दाखवला. शिकवलेलं मोडायची त्याची हिंमत झाली नाही. तेवढ्यात मागच्या रांगा सवयीने सुरू झाल्या, आणि सगळी शाळा एका तालात हात फिरवत ओरडायला लागली, "वर! खाली! उजवा! डावा!" प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीलासुद्धा इतकी शिस्त मी पाहिली नव्हती.

"गुरुजी," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे काय आहे?"

"म्याडम, तपासणी म्हणल्यावर तयारी करून घ्यावी लागती ना," गुरुजी कळवळून म्हणाले. "लई घोकून घेतलंय. सत्कार ठिवलाय सभापतींनी. समद्याच शाळा करून घेत्यात. मागल्या महिन्यात मास्तरांच्या संमेलनात आमी तक्त्याचा क्रम एकमेकाला उतरून दिला."

साऱ्या हद्दीच्या उत्तम डोळ्यांचं रहस्य हे होतं. मला हसू आवरेना. मॅडमच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. ते दारात उभ्या असलेल्या मनीषाच्या वडिलांचं बोलणं ऐकून.

"बाई, पोरीचे डोळे चांगले हायेत म्हणून गुरुजींनीच लिवलंय," ते म्हणाले. "तरी फळ्यावरचं एक अक्षार उतरत न्हाई. शेजारणीच्या वहीत बघून लिवती. डोक्यातच जात नाय तिच्या. चौथी झाली का बास झालं. घरी शेळ्या हायेत, मागं जाईल त्यांच्या."

"तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "न दिसता सगळा तक्ता पाठ केलाय तिने. तिला चष्मा लागेल. मी आणते. तोवर शाळा सोडवू नका."

"चष्मा देनार कोन?"

"सरकार."

यावर ते गृहस्थ इतके मनापासून हसले की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "बरं बाई. परीक्षा होस्तोवर वाट बघतो."

परतताना मी म्हणालो, मॅडम, एका पोरीचा चष्मा आपणच घेऊन देऊ, वर्गणी काढू, विषय संपेल. त्या माझ्यावर अशा उखडल्या की ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली. "माझ्या पर्समधून गेला तर तो उपकार होईल, डुंबरेभाऊ. तिच्या बापाने जन्मभर हात जोडायचे. आणि बाकीच्या पोरांना कोण देणार, तुम्ही? हा पैसा त्यांचाच आहे, त्यांच्यासाठी मंजूर झालाय. तो त्यांच्या नाकावर चष्मा होऊन बसला पाहिजे."

आता सगळ्या शाळा पुन्हा तपासायच्या होत्या, आणि तक्ता तर पोरांना झोपेतही येत होता. मॅडमनी उपाय काढला: माझा हात. तीन बोटं ताठ धरायची, लांब उभं राहायचं आणि मनाला येईल तशी फिरवायची. माझ्या बोटांचा क्रम कोणाला पाठ असणार? ते मलाच ठाऊक नसायचं. परीक्षेच्या तयारीच्या धामधुमीत आम्ही डिंगोऱ्यापासून पेठपर्यंत शाळा पालथ्या घातल्या. तीन बोटं फिरवायची मला अशी खोड लागली की ओतूरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघतानाही हात आपोआप वर जायचा. एकदा एका म्हाताऱ्याने जवळ येऊन विचारलं, "काय राव कंपाउंडर, तीन गाड्या सुटल्या व्हय?" घरी बायकोने तर माझ्या हाताला तेल चोळायला सुरुवात केली.

खरी यादी तयार झाली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मॅडम जिल्ह्याला निघाल्या. वाळुंज गुरुजी न बोलावता एसटी स्टँडवर हजर होते, बगलेत गुंडाळलेला तक्ता. मॅडम म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही कशाला? तिथे तुमचीच अडचण होईल. गुरुजी म्हणाले, "म्याडम, पोरीला मी फळ्याम्होरं उभी करून लई येळा बोललोय. मला येऊ द्या."

हिशेबाचे साहेब सज्जन होते, पण कागदाचे पक्के. त्यांच्यापुढे दोन अहवाल होते. "पहिल्यात सगळ्यांचे डोळे चांगले. दुसऱ्यात एवढी मुलं कमी दिसणारी. इतक्या थोड्या दिवसांत डोळे बिघडले कसे? मी लेखापरीक्षणाला काय सांगू?"

मॅडम समजावत होत्या, साहेब मान हलवत होते, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात वाळुंज गुरुजी खुर्चीवरून उठले. त्यांनी तक्ता कपाटाच्या मुठीला अडकवला, त्याच्याकडे पाठ केली, टोपी सारखी केली, आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत हात फिरवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा तक्ता म्हणून दाखवला. वर, खाली, उजवा, डावा. कचेरीतले कारकून दारात गोळा झाले. शेवटची ओळ संपल्यावर गुरुजींनी घाम पुसला.

"साहेब, पोरांचे डोळे बिघडले न्हाईत. आमी घोकून घेतलं व्हतं. माझ्यावर काय ठपका ठिवायचा त्यो ठेवा. पर चष्मे द्या."

साहेबांनी तक्त्याकडे बघितलं. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुन्हा तक्त्याकडे बघितलं, पुन्हा चष्मा लावला. "माझ्या शाळेत असा तक्ता कोणी आणला नव्हता," ते म्हणाले. "सातवीपर्यंत मी मठ्ठ होतो." आणि त्यांनी सही केली. गुरुजींवर ठपका आला नाही. सत्कार मात्र रद्द झाला, त्याचं सभापतींना फार वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये, शाळा सुट्टीला लागायच्या आधी, आम्ही चष्म्यांची खोकी घेऊन त्याच वाडीवर गेलो. मनीषाचे वडील शेळ्या बांधून आले होते. मॅडमनी तिच्या कानामागे काड्या नीट बसवल्या आणि तिला तिच्या नेहमीच्या जागेवर, मागच्या रांगेत बसवलं. समोर फळ्याजवळ वाळुंज गुरुजी उभे होते. पोरगी फळ्याकडे बघेल, गुरुजी लिहितील ते वाचेल, अशी आमची सगळ्यांची अपेक्षा. तिने फळ्याकडे बघितलंच नाही. ती गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"गुरुजी, तुमी हसताय व्हय? मला वाटायचं तुमी कायम रागावलेले असता."

गुरुजी फळ्याकडे वळले आणि कोरा फळा पुसत राहिले. मनीषाच्या वडिलांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. मॅडमनी मला जीपमधून काहीतरी आणायला पाठवलं. काय आणायचं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर चष्म्यांची तरतूद दर वर्षी होत राहिली. मॅडम तिच्यामागे कशा लागायच्या ते जिल्ह्यातले शिपाई सांगतील. मनीषा पाचवीला गेली, पुढे ओतूरच्या कॉलेजात गेली, आणि आता पेठच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका आहे. तपासणीचं पथक येईपर्यंत ती तक्ता कपाटात कुलूप लावून ठेवते, असं ऐकतो.

मॅडमच्या माझ्यावरच्या उपकारांबद्दल लिहायचं तर माझी तंबाखू. माझी चुन्याची डबी त्यांनी जीपच्या खिडकीतून कुकडीच्या कालव्यात टाकली, आणि मी रुसलो तर रोज डब्यातून मला शेंगदाण्याचा लाडू आणला. माझे दात आज तोंडात आहेत, ते त्या लाडवांवर. दातांनी एवढा काळ काढला याचं श्रेय दुसऱ्या कोणालाच देता येणार नाही.

आता मॅडम साठी पूर्ण करून एकसष्टीत पाऊल ठेवत आहेत, आणि इथे मला त्यांची एक तक्रार जाहीरपणे करायची आहे. गेलं वर्षभर त्यांना धूसर दिसतंय. परवा या ग्रंथाच्या बैठकीत त्यांनी मला वाळुंज गुरुजी म्हणून हाक मारली. विचारलं तर म्हणाल्या, "डोळे तपासून घेतलेत. तक्ता शेवटपर्यंत वाचला." मला संशय आला. मी दाराशी जाऊन तीन बोटं डावीकडे धरली आणि तशीच ठेवली. मॅडम क्षणभर थांबल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "वर! खाली! उजवा! डावा!"

तीस वर्षं तो तक्ता पोरांना दाखवून त्यांनाही पाठ झाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही तोच तक्ता, आणि त्यांना मॅडमनी चक्क घोकून फसवलं. आम्ही वाळुंज गुरुजींना बोलावून घेतलं. ते एवढंच म्हणाले, "म्याडम, आता तुमची पाळी." पुन्हा तपासणी झाली, मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशनचा दिवस ठरला.

तेव्हा मॅडमना आमची एवढीच प्रार्थना, की त्यांनी प्रकृती सांभाळावी, औषधं वेळेवर घ्यावीत, खूप वर्षं आमच्यावर उखडत राहावं आणि जिल्ह्याच्या कचेरीतल्या शिपायांची झोप उडवत राहावं. आणि पट्टी सुटेल त्या दिवशी त्यांनी आधी आमच्याकडे बघावं. मी असेन, गुरुजी असतील, पेठहून मनीषा येणार आहे. आम्ही रागावलेले नसू, मॅडम. आम्ही हसत उभे असू.